हिंदीतील सामान्यरूप: नाम केव्हा बदलावे आणि केव्हा तसेच ठेवावे

मराठी माणसाच्या हिंदीत ‘मेरे बहन को’, ‘उसके गाड़ी में’, ‘अपने भाषे में’, ‘वो घर में’ अशी रूपे वारंवार ऐकू येतात. शाळेत पाच-सहा वर्षे हिंदी शिकलेली, हिंदी सहज वाचणारी आणि समजणारी माणसेही ही रूपे वापरतात, कारण या चुकांचे मूळ मराठीच्या पक्क्या सवयीत आहे. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप बदलते, हे आपल्याला लहानपणापासून न शिकवताच येते. घर शब्दाचे ‘घरा’, शाळा शब्दाचे ‘शाळे’ आणि घोडा शब्दाचे ‘घोड्या’ होते, आणि या बदललेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. हिंदीतही तीच व्यवस्था आहे. तिला हिंदी व्याकरणात विकारी रूप किंवा तिर्यक रूप म्हणतात, आणि ज्या शब्दांपूर्वी ती लागू होते त्या ‘ने, को, से, का, में, पर, तक’ यांना परसर्ग किंवा कारक-चिह्न म्हणतात. इंग्रजीतून हिंदीकडे वळणाऱ्याला ही कल्पनाच प्रथम समजून घ्यावी लागते. आपल्याला ती आधीच अवगत आहे. आपल्याला शिकायचे आहे ते एवढेच, की आपली सवय हिंदीत कोठे चालते आणि कोठे तिला आवर घालावा लागतो.

एकवचन: एकच गट बदलतो

मराठीत एकवचनातही बहुतेक नामे बदलतात: दूध–दुधात, भिंत–भिंतीवर, पाणी–पाण्यात, देऊळ–देवळात, माणूस–माणसाला. हिंदीत मात्र एकवचनात केवळ एका गटातील नामे बदलतात, आणि तो गट म्हणजे आकारान्त पुल्लिंगी नामांचा. शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ होतो: लड़का–लड़के को, कमरा–कमरे में, घोड़ा–घोड़े पर, दरवाज़ा–दरवाज़े से. ‘कुआँ’ आणि ‘धुआँ’ यांसारख्या अनुनासिक शब्दांतही हेच घडते व ‘कुएँ में’, ‘धुएँ से’ अशी रूपे होतात. बाकी सर्व नामे, मग ती पुल्लिंगी असोत वा स्त्रीलिंगी, एकवचनात जशीच्या तशी राहतात: दूध में, पानी में, दीवार पर, आदमी को, आलू से, नदी तक, माली ने.

या नियमाचा मराठी भाषकाला मोठा आधार आहे. ज्या पुल्लिंगी शब्दाचे मराठी सामान्यरूप ‘या’कारान्त होते आणि जो शब्द थोड्याफार फरकाने हिंदीतही आहे, त्याचे हिंदीत बहुधा ‘ए’ होते. घोड्यावर–घोड़े पर, रस्त्यात–रास्ते में, महिन्यात–महीने में, कारखान्यात–कारख़ाने में, किनाऱ्यावर–किनारे पर, डब्यात–डिब्बे में, झेंड्याला–झंडे को. अशा जोड्या स्वतः लिहून काढल्या की आठवड्याभरात शंभर शब्द सहज हाती येतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे पाठांतराच्या कोष्टकापेक्षा त्या अधिक टिकतात. अट एवढीच की मूळ शब्द आकारान्त असावा. ‘धोबी’चे मराठीत ‘धोब्याला’ होते, तरी हिंदीत ‘धोबी को’ हेच रूप बरोबर आहे, आणि ‘पाण्यात’साठी ‘पाने में’ म्हटले तर पानी बाजूला राहून ‘मिळवण्यात’ असा वेगळाच अर्थ निघतो.

आता खरी अडचण पाहू. मराठीत ‘आ’चा ‘ए’ होतो तो स्त्रीलिंगी नामांत: शाळा–शाळेत, भाषा–भाषेत, हवा–हवेत, सभा–सभेत, कविता–कवितेत. हिंदीत तोच बदल पुल्लिंगाची खूण आहे, आणि आकारान्त स्त्रीलिंगी नामे एकवचनात मुळीच बदलत नाहीत. म्हणून ‘भाषा में’, ‘हवा में’, ‘सभा में’, ‘कविता में’ असेच म्हणावे लागते. दोन सख्ख्या भाषांनी एकच खूण परस्परविरुद्ध लिंगांसाठी राखून ठेवली आहे, आणि ‘अपने भाषे में’ यासारखी चूक नेमकी येथे जन्म घेते. विशेषनामांनाही हे लागू आहे. आपण ‘सीतेला’ आणि ‘गंगेत’ म्हणतो, हिंदीत ‘सीता को’ आणि ‘गंगा में’ म्हणतात. हा एक मुद्दा पक्का झाला तरी एकवचनातील निम्म्याहून अधिक चुका थांबतात, असे मला शिकवताना दिसून आले आहे.

न बदलणारे आकारान्त पुल्लिंगी शब्द

आकारान्त पुल्लिंगी असूनही काही शब्द हिंदीत एकवचनात बदलत नाहीत. त्यांतील नात्याचे शब्द आपल्याला वेगळे शिकावे लागत नाहीत, कारण मराठीही त्यांना हात लावत नाही: मामाला–मामा को, काकाने–काका ने, दादाला–दादा को, ‘राजाला’ आणि ‘राजा को’ ही जोडीही तशीच. त्याच पंक्तीत हिंदीतील चाचा, नाना, बाबा हे शब्द बसतात. मात्र सर्वच नातेवाचक शब्दांना ही सवलत नाही. बेटा, पोता, भतीजा, भानजा, साला हे शब्द ‘लड़का’प्रमाणे चालतात आणि ‘बेटे को’, ‘भतीजे ने’, ‘साले से’ अशी रूपे घेतात.

संस्कृतातून आलेल्या ‘ता’कारान्त शब्दांबाबत मात्र मराठीवर विसंबू नये. मराठीत नेता–नेत्याला, पिता–पित्याला, दाता–दात्याला, श्रोता–श्रोत्यांना, योद्धा–योद्ध्याला अशी रूपे होतात आणि ती आपल्या कानाला अगदी स्वाभाविक वाटतात. हिंदीत हे शब्द अविकारी आहेत: नेता को, पिता से, दाता का, योद्धा ने. ‘नेते को’ हे रूप आपल्या तोंडात पटकन येते, पण हिंदीत ते चूक ठरते. ‘आत्मा’ शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो मराठीत पुल्लिंगी असून त्याचे ‘आत्म्याला’ होते. हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे आणि म्हणून ‘आत्मा को’ असाच राहतो.

स्थलनामांबाबत हिंदीत दोन रीती आढळतात. ‘आगरे में’, ‘कलकत्ते में’ अशी बदललेली रूपे बोलण्यात व जुन्या लेखनात भेटतात, तर आजच्या छापील हिंदीत ‘आगरा में’, ‘पटना में’ असे मूळ नाव कायम ठेवण्याकडे कल आहे. शिकणाऱ्याने स्थलनाम बदलू नये, हा माझा सल्ला आहे. त्यामुळे ‘गोव्यात’चे ‘गोवा में’, ‘पुण्यात’चे ‘पुणे में’ आणि ‘ठाण्याहून’चे ‘ठाणे से’ करावे. राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ साली वर्ध्यात झाली हे वाक्य हिंदीत लिहिताना ‘वर्धा में’ लिहावे.

अनेकवचन: सर्वांना ‘ओं’

एकवचनात हिंदी जेवढी संयमी आहे, तेवढीच अनेकवचनात ती सरसकट आहे. परसर्गापूर्वी प्रत्येक अनेकवचनी नामाला ‘ओं’ लागतो, लिंग कोणतेही असो: लड़कों को, घरों में, लड़कियों ने, किताबों पर, भाषाओं का, नेताओं से. येथे मराठी आणि हिंदी एकमेकींच्या अगदी जवळ येतात. मराठीत अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार असतो (मुलांना, घरांत, नद्यांवर) आणि हिंदीतही असतो. दोन्ही अनुस्वारांचे मूळ संस्कृत षष्ठीच्या ‘आनाम्’ या अनेकवचनी प्रत्ययात शोधले जाते, म्हणजे ‘देवानाम्’ मधील शेवटचा नाद मराठीच्या ‘देवांना’त आणि हिंदीच्या ‘देवों को’मध्ये अजून ऐकू येतो. आपल्या मनातील मराठी वाक्यात सामान्यरूपावर अनुस्वार असेल, तर हिंदीत ‘ओं’ घालावा, हा व्यवहारात फार उपयोगी पडणारा नियम आहे. त्याला एक अपवाद आहे, त्याकडे पुढे येऊ.

‘ओं’ जोडताना शेवटच्या स्वराचे काय होते ते पाहिले पाहिजे. आकारान्त पुल्लिंगी विकारी शब्दांत ‘आ’ जाऊन त्याच्या जागी ‘ओं’ येतो: लड़का–लड़कों, कमरा–कमरों. अविकारी आकारान्तांत आणि स्त्रीलिंगी आकारान्तांत ‘आ’ टिकून त्यापुढे ‘ओं’ येतो: राजाओं, माताओं, कविताओं. ‘इ’ आणि ‘ई’ यांनंतर ‘यों’ लागतो व दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व होते: तिथि–तिथियों, नदी–नदियों, आदमी–आदमियों. दीर्घ ‘ऊ’ही ऱ्हस्व होतो: आलू–आलुओं, डाकू–डाकुओं, बहू–बहुओं. मराठीत ‘चाकूंना’ लिहिताना आपण दीर्घ ‘कू’ ठेवतो. हिंदीत ‘चाकुओं को’ लिहावे लागते.

उलट, शब्दाच्या मधल्या स्वराला हिंदी धक्का लावत नाही. मराठीत फूल–फुलांना, दूध–दुधात, जीभ–जिभेवर, भूत–भुतांना असा ऱ्हस्व बदल आपोआप होतो आणि त्यामुळे आपल्या वह्यांतून ‘फुलों की माला’ हमखास सापडते. हिंदीत ‘फूलों की माला’, ‘जीभ पर’, ‘भूतों से’ असा मूळ दीर्घ स्वर कायम राहतो. लेखन तपासताना मी विद्यार्थ्यांना हे स्वतंत्रपणे तपासायला सांगतो, कारण बोलताना ही चूक लपते आणि कागदावर उघडी पडते.

आणखी एक खबरदारी घ्यावी. ‘लड़कियाँ’, ‘किताबें’, ‘माताएँ’ ही अनेकवचने परसर्गाशिवाय वापरायची आहेत. ‘किताबें मेज़ पर हैं’ बरोबर, पण ‘किताबें में’ कधीच नाही. तेथे ‘किताबों में’ हवे. तसेच ‘लड़के’ हे एकच रूप दोन कामे करते. ‘लड़के आए’ म्हणजे मुले आली, आणि ‘लड़के को बुलाओ’ म्हणजे एका मुलाला बोलवा. परसर्ग दिसताच ते एकवचन समजावे.

संबोधनात ‘ओ’ वर अनुस्वार येत नाही. ‘भाइयो और बहनो’ हे शुद्ध रूप आहे. ‘भाइयों’ हे रूप परसर्गापूर्वीचे. आपणही ‘मुलांनो’ या शब्दातील ‘नो’वर अनुस्वार देत नाही, ही गोष्ट आठवली तर चूक होणार नाही.

आदरार्थी अनेकवचनाचा सापळा

वर म्हटलेला अपवाद हा. मराठीत आदर दाखवण्यासाठी नामाचेही अनेकवचनी सामान्यरूप करतात. ‘मंत्र्यांना निवेदन दिले’, ‘गुरुजींनी सांगितले’, ‘सरांना विचारा’, ‘बाबांना आवडले’ या सर्व वाक्यांत व्यक्ती एकच आहे. हिंदीत आदर क्रियापदातून, विशेषणातून आणि ‘जी’सारख्या शब्दातून व्यक्त होतो, पण परसर्गापूर्वीचे नाम एकवचनीच राहते: मंत्री जी को, गुरुजी ने, सर से, पिताजी को. ‘मंत्रियों को निवेदन दिया’ असे लिहिले तर निवेदन अनेक मंत्र्यांना दिले असा अर्थ होतो. कार्यालयीन पत्रव्यवहारात हा फरक महत्त्वाचा ठरतो, म्हणून तेथे दोनदा वाचावे.

सोबतचे शब्द: ‘च्या’चे भाषांतर

नाम बरोबर बदलले तरी त्याच्या सोबतचे शब्द चुकले तर वाक्य बिघडते, आणि मराठी भाषकाची सर्वांत घट्ट सवय याच ठिकाणी आहे. मराठीत सामान्यरूपापूर्वी ‘चा, ची, चे’ या तिन्हींचे ‘च्या’ होते, आणि विशेषणेही लिंग विसरून ‘या’कारान्त होतात: मुलाच्या भावाला, मुलाच्या बहिणीला, चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला. हिंदीत पुल्लिंगी नामापूर्वी ‘का’चे ‘के’ होते, पण स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘की’ ही ‘की’च राहते. म्हणून लड़के के भाई को, पण लड़के की बहन को. अच्छे लड़के को, पण अच्छी लड़की को. ‘मेरे बहन को’ हे रूप म्हणजे ‘माझ्या’चे अक्षरशः केलेले भाषांतर आहे. ‘च्या’ किंवा ‘या’कारान्त विशेषण मनात आले की लगेच ‘के’ म्हणू नये, तर क्षणभर थांबून पुढच्या नामाचे हिंदी लिंग विचारावे.

हिंदी लिंग असे मुद्दाम म्हणतो, कारण मराठी नपुंसकलिंग हिंदीत नाही आणि त्या शब्दांची वाटणी दोन लिंगांत झाली आहे. पुस्तक, दुकान, नाक हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, म्हणून मेरी पुस्तक में, उसकी दुकान पर, मेरी नाक पर. आपला पुल्लिंगी ‘आवाज’ हिंदीत स्त्रीलिंगी आहे, तर आपली स्त्रीलिंगी ‘व्यक्ती’ हिंदीत पुल्लिंगी: उसकी आवाज़ में, बड़े व्यक्ति को. नवा शब्द शिकताना तो नेहमी एखाद्या विशेषणासह लिहून ठेवावा, जसे ‘मीठी आवाज़’, म्हणजे लिंग शब्दाला चिकटून राहते.

विशेषणाला कधीही ‘ओं’ लागत नाही. ‘अच्छे लड़कों को’, ‘पुरानी किताबों में’ असेच म्हणावे. लाल, सुंदर, बढ़िया यांसारखी विशेषणे कोठेच बदलत नाहीत. दर्शक सर्वनामे मात्र बदलतात आणि येथे मराठीचा आधार पूर्णपणे घ्यावा: आपण ‘तो घरात’ म्हणत नाही, ‘त्या घरात’ म्हणतो, तसेच हिंदीत ‘वह घर में’ नव्हे, ‘उस घर में’. ‘यह’चे ‘इस’, ‘ये’चे ‘इन’, ‘वे’चे ‘उन’, ‘कौन’ आणि ‘क्या’ या दोघांचेही ‘किस’ आणि ‘कोई’चे ‘किसी’ होते.

जोडपरसर्गांत ‘के’ असावे की ‘की’, हे मागील नामावर अवलंबून नसते. ‘बहन के लिए’, ‘नदी के पास’, ‘बेटी के साथ’ यांत मागील नाम स्त्रीलिंगी असूनही ‘के’ आहे. ‘की ओर’, ‘की तरह’, ‘की वजह से’ यांत ओर, तरह, वजह हे शब्दच स्त्रीलिंगी असल्याने ‘की’ येते, म्हणून ‘लड़के की तरह’ हेच योग्य.

परसर्ग दूर असेल किंवा दिसतच नसेल तेव्हा

मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो, हिंदीत नामानंतरचा परसर्ग सुटा लिहितात आणि सर्वनामाला मात्र जोडतात: लड़के को, पण उसको, मुझसे. केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक वर्तनीतही हीच रीत आहे. सुटा असल्यामुळे परसर्गाचा प्रभाव मागे लांबवर पोहोचतो. ‘बच्चों और बूढ़ों के लिए’ या रचनेत ‘के लिए’ एकदाच आहे, तरी दोन्ही नामे विकारी आहेत. ‘कुत्ते और बिल्ली को’ म्हणताना ‘कुत्ता और बिल्ली को’ असे होऊ देऊ नये.

काही ठिकाणी परसर्ग लुप्त असतो आणि रूप मात्र बदललेले असते. ‘अगले महीने’, ‘पिछले हफ़्ते’, ‘उस दिन’, ‘मैं आपके घर आऊँगा’ ही उदाहरणे पाहावीत. मराठीतील ‘त्या दिवशी’ आणि ‘तुमच्या घरी’ मनात आणले की हे बदल आपोआप उलगडतात. ‘आँखों देखा हाल’ आणि ‘भूखों मरना’ यांतही ‘ओं’ आहे, परसर्ग नाही. उलट संख्येसह मापाचा शब्द आला तर ‘ओं’ सहसा लागत नाही: दो घंटे में, पाँच रुपये में, तीन महीने से. ‘घंटों’, ‘बरसों’ ही रूपे ‘कितीतरी तास’, ‘कितीतरी वर्षे’ या अर्थाने येतात.

क्रियावाचक नामही आकारान्त पुल्लिंगी धरले जाते. करणे–करण्यासाठी याप्रमाणेच करना–करने के लिए, जाना–जाने से पहले. ‘वाला’ हा परसर्ग नाही, तरी त्याच्यापूर्वीही बहुधा हाच बदल होतो: ताँगेवाला, ठेलेवाला, पैसेवाला.

सराव कसा करावा

मराठी वाक्यातील एक पदसमूह घ्यावा आणि उजवीकडून डावीकडे जावे, कारण सर्व बदलांचे कारण शेवटच्या परसर्गात असते. ‘त्या मोठ्या घराच्या जुन्या दरवाज्यावर’ घेऊ. शेवटी ‘पर’ आहे. त्यापूर्वीचा दरवाज़ा पुल्लिंगी, आकारान्त, एकवचनी, म्हणून ‘दरवाज़े’. त्याचे विशेषण ‘पुराने’. दरवाजा पुल्लिंगी असल्याने ‘का’चे ‘के’. घर पुल्लिंगी, पण आकारान्त नाही, म्हणून ‘घर’ तसेच. मात्र त्याच्यापुढे ‘के’ आल्यामुळे ‘बड़ा’चे ‘बड़े’ आणि ‘वह’चे ‘उस’. उत्तर मिळते: उस बड़े घर के पुराने दरवाज़े पर.

आता मराठी रचना तीच ठेवून नामे बदलावीत: ‘त्या मोठ्या इमारतीच्या जुन्या भिंतीवर’. मराठीत ‘त्या, मोठ्या, च्या, जुन्या’ यांतील एकही अक्षर बदलले नाही. हिंदीत इमारत आणि दीवार दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, म्हणून उत्तर होते: उस बड़ी इमारत की पुरानी दीवार पर. आणि भिंती अनेक असतील, ‘त्या मोठ्या इमारतीच्या जुन्या भिंतींवर’ असे म्हणायचे असेल, तर मराठीत एक अनुस्वार वाढतो आणि हिंदीत एक ‘ओं’: उस बड़ी इमारत की पुरानी दीवारों पर.